बर्लिनचं ग्रिप्स थिएटर : पुण्यात लहानपणी पाहिलेल्या नाटकांचं माहेर

आई उन्हाळ्यात पुण्याहून आमच्याकडे आली होती आणि एका संध्याकाळी आम्ही दोघी इथल्या हान्साप्लाट्झच्या ग्रिप्स या मुलांच्या नाटकांच्या थिएटरला जाऊन 'लिनिए १' हे नाटक बघून आलो, तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. बर्लिनमध्ये ओळखीतलं कोणीही मराठी भेटलं की विषय निघतोच, पाहुणे आलेत कुठे न्यायचं, मुलांना रविवारी काय दाखवायचं, आणि सगळे तेच सांगतात, टीव्ही टॉवर, भिंत, झू, नदीतली बोट. ग्रिप्सचं नाव मी आजपर्यंत एकाच्याही तोंडून ऐकलं नाहीये, आणि खरं तर या शहरातली हीच एक जागा अशी आहे जिचं आपल्याशी, म्हणजे पुण्याशी, सरळ नातं आहे.

ज्यांचं लहानपण ८०-९० च्या दशकातल्या पुण्यात गेलंय त्यांना मी काय बोलतेय ते कळलं असेल. 'छान छोटे वाईट मोठे', 'नको रे बाबा', 'पण आम्हाला खेळायचंय', ही सगळी ग्रिप्सची, पुण्यात मराठीत झालेली नाटकं. आई मला भरत नाट्य मंदिरला घेऊन जायची, मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन, आणि मला अजून स्वच्छ आठवतंय की पडदा उघडला तर स्टेजवर एक चांगला मिशा फुटलेला काका हाफ चड्डीत उभा होता आणि तो म्हणत होता मी सात वर्षांचा आहे. मी आईला विचारलं हा असा काय, आई म्हणाली गप, बघ जरा. पाचेक मिनिटांत तो सात वर्षांचा झाला. कसा झाला ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आज चाळिशीला टेकल्यावरही नीट सांगता येणार नाही. तो आवाज बारीक काढत नव्हता, बोबडं बोलत नव्हता, फक्त उभं राहणं, हात कुठे ठेवावे ते न कळणं, रागावल्यावर मान खाली घालून डोळे वर करून बघणं, हे सगळं आमच्या वर्गातल्या पोरांसारखं होतं. त्याच सुमाराला शाळेने आम्हाला दुसऱ्या एका बालनाट्याला नेलेलं, नाव नाही सांगत, त्यात चेटकीण होती, जंगलातले प्राणी होते, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून आईबाबांचं ऐका, खोटं बोलू नका असं माइकवर ओरडून सांगितलं होतं. ग्रिप्समध्ये कोणी काही ओरडून सांगितलं नाही. तिथे आईबाबाच भांडत होते, घर लहान होतं, खेळायला जागा नव्हती, आणि मुलं म्हणत होती की हे बरोबर नाहीये. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की असं मोठ्याने म्हणता येतं.

आता हे सगळं डोक्यात असूनसुद्धा बर्लिनला आल्यावर तीन वर्षं मी तिथे गेले नाही, कारण माझ्या मनात ग्रिप्स म्हणजे पुणं, ते इथलं आहे हे वाचून माहीत होतं पण आत उतरलं नव्हतं. उतरलं ते लेकीमुळे. ती इथल्या शाळेत दुसरीत आहे, शाळेतून चिठ्ठी आली की अमुक तारखेला सकाळी वर्गाची ट्रिप आहे, थिएटर, हान्साप्लाट्झ, डबा आणि पाण्याची बाटली द्या. मी सही करून दिली आणि विसरून गेले. त्या दिवशी घरी आली आणि बूट काढता काढता सांगायला लागली, आई तिथे मोठी माणसं लहान मुलं झाली होती, आणि ती चिडली ना तेव्हा खरंच चिडली होती, खोटं खोटं नाही. मी हातातलं काम ठेवून तिथेच खाली बसले. तीस वर्षांपूर्वी भरत नाट्यमधून घरी येताना लूनावर मागे बसून मी आईला अगदी हेच सांगत होते.

मग पुढच्याच रविवारी आम्ही तिघं मिळून फॅमिली प्रयोगाला गेलो. ग्रिप्सच्या दोन जागा आहेत, मुख्य हान्साप्लाट्झला आणि दुसरी मिट्टे भागात क्लोस्टरस्ट्रासेला पोडेव्हिल म्हणून एक अठराव्या शतकातला जुना वाडा आहे तिथे, पूर्व जर्मनी होता तेव्हा त्या इमारतीत तरुण कलाकारांचं केंद्र होतं. लहान मुलांच्या नाटकाला ही जागा फार छान आहे. आम्ही पाहिलेल्या नाटकाचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण त्यांचं वेळापत्रक सारखं बदलत असतं, तुम्ही जाल तेव्हा दुसरं काहीतरी असेल, आणि माझा अनुभव असा की नाव बघून निवडण्यापेक्षा वय बघून निवडावं. नाटकाच्या नावापुढे ते वय लिहितात, पण कसं लिहितात बघा, 'वय वर्षे ६ पुढच्या माणसांसाठी'. मुलांसाठी असं नाही लिहीत, माणसांसाठी. मी ते जर्मन दोनदा वाचलं की माझं काही चुकतंय का. नाही, माणसांसाठीच. मला वाटतं या थिएटरबद्दल जे काही सांगायचंय ते त्या एका शब्दात आहे.

माझं जर्मन ऑफिसपुरतं आहे, मुलांचं फास्ट बर्लिनी बोलणं मला अर्धंच कळतं, त्यामुळे मी स्टेजपेक्षा प्रेक्षकांकडे जास्त बघत होते आणि ते बघण्यासारखंच होतं. शेजारी एक पाच-सहा वर्षांचा मुलगा आजोबांच्या मांडीवर बसलेला, तो एका सीनला उठून उभा राहिला आणि स्टेजवरच्या बाईला मोठ्याने म्हणाला, पण तूच तर प्रॉमिस केलं होतंस. कोणी त्याला शुक् केलं नाही. स्टेजवरच्या बाईने त्याच्याकडे बघितलं, थांबली, आणि मग पुढचं वाक्य म्हणाली, आणि ते वाक्य आता त्याला उत्तर दिल्यासारखं झालं. गाणी लाइव्ह, म्युझिशियन समोर दिसतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शेवटी मोठ्यांना शहाणपण सुचून सगळं गोड होतं असं नाही, मुलं आपापसात काहीतरी युक्ती काढतात, थोडं जमतं, थोडं राहतं. लेक परत येताना गाडीत पूर्ण वेळ विचारत होती की त्या मुलाने असं का नाही केलं, तसं का नाही केलं. शाळांना हे लोक नाटकाबरोबर छापील साहित्य देतात, आधी वर्गात काय बोलायचं, बघून आल्यावर काय बोलायचं, त्यामुळे तिच्या वर्गात त्यावर आठवडाभर चर्चा चालली होती.

थोडा इतिहास सांगते कारण तो माहीत असला की तिथे बसल्यावर वेगळंच वाटतं. १९६६ साली पश्चिम बर्लिनमध्ये राइखस्काबारेट नावाचा एक राजकीय कॅबरे होता, म्हणजे गाणी आणि विनोदांतून राजकारणावर टीका करणारी मंडळी, त्यांच्यातल्या मंडळींनी मुलांसाठी नाटक करायला सुरुवात केली, फोल्कर लुडविग हा त्यातला मुख्य लेखक. तोपर्यंत जर्मनीत मुलांचं नाटक म्हणजे ख्रिसमसला करायच्या परीकथा. यांनी परी काढून टाकली आणि शाळा, भाड्याची घरं, कामावरून दमून येणारे आईबाप, परदेशातून मजुरीला आलेल्या लोकांची मुलं हे सगळं स्टेजवर आणलं. १९७२ ला ग्रिप्स हे नाव घेतलं, बोलीभाषेत ग्रिप्स म्हणजे डोकं, अक्कल, आपण म्हणतो ना जरा डोकं चालव, ते डोकं. १९७४ पासून हान्साप्लाट्झला आहेत, आधी त्या जागेत सिनेमा थिएटर होतं. मुलांना मोठ्यांच्या विरुद्ध भडकवतात, कम्युनिस्ट आहेत, असं म्हणून सत्तरच्या दशकात तिथल्या सीडीयू या उजव्या विचारांच्या पक्षाने यांच्याविरुद्ध रान उठवलं होतं, काही भागांत शाळांनी मुलांना इथे आणू नये असंही झालं. हे वाचताना मला आपलं 'घाशीराम' आठवलं. १९७२ च्या डिसेंबरमध्ये पुण्याच्या पीडीए या नाट्यसंस्थेने ते केलं, त्यावरून वाद झाला, एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवलं, आणि मग त्यातल्याच मंडळींनी बाहेर पडून १९७३ ला थिएटर अ‍ॅकॅडमी काढली. पुढे याच थिएटर अ‍ॅकॅडमीने ग्रिप्स पुण्यात आणलं. डॉ. मोहन आगाशे, जे 'घाशीराम'मध्ये नाना झाले आणि स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, त्यांनी ते मनावर घेतलं, श्रीरंग गोडबोलेंनी 'छान छोटे वाईट मोठे' लिहिलं, आणि वर्ष होतं १९८६. दोन शहरांत नाटकावरून मार खाल्लेल्या दोन संस्था एकमेकींना अशा भेटल्या, मला हे फार भारी वाटतं.

आता १९८६ हे वर्ष लक्षात ठेवा, कारण त्याच वर्षी ३० एप्रिलला बर्लिनमध्ये 'लिनिए १' चा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक वोल्फगांग कोलनेडर, आणि हाच माणूस त्या सुमाराला पुण्यात येऊन आपल्याकडच्या मराठी नटांबरोबरही काम करत होता. लेखन फोल्कर लुडविगचंच, संगीत बिर्गर हायमानचं, आणि बँडचं नाव 'नो टिकेट', म्हणजे विनातिकीट, कारण सगळं नाटक ऊ-बानमध्ये घडतं. ऊ-बान म्हणजे इथली मेट्रो आणि लिनिए १ म्हणजे तिची एक नंबरची लाइन. हे नाटक चाळीस वर्षं होत आली तरी चालू आहे, दोन हजारांच्या वर प्रयोग झालेत, आणि मी आईला हेच दाखवायचं ठरवलं.

नवरा म्हणाला, आईंना जर्मनचं एक अक्षर येत नाही, तीनेक तास बसतील का? मलाही धाकधूक होतीच. आईचं वय ७१, गुडघे दुखतात, रात्री नऊला झोपायची सवय. पण मी म्हटलं लहानपणी तिने मला नेलं तेव्हा मला तरी नाटकातलं काय कळत होतं. नवरा लेकीला घेऊन घरी थांबला कारण 'लिनिए १' मोठ्या मुलांचं नाटक आहे, दारू आहे, ड्रग्ज आहेत, मरण आहे, सात-आठ वर्षांच्या पोरांना नेऊ नका.

जायचा रस्ता म्हणजे निम्मं नाटक आहे, म्हणून तो सांगते. आम्ही मुद्दाम झू स्टेशनला आलो आणि तिथून ऊ-९ घेतली, हान्साप्लाट्झ पुढचंच स्टेशन. नाटक जिथे सुरू होतं ते हेच झू स्टेशन, सकाळचे सहा वाजून चौदा मिनिटं, बाहेरगावाहून एक मुलगी ट्रेनमधून उतरते, नाटकात तिला नाव पण नाहीये, फक्त 'मुलगी', आणि ती जॉनी नावाच्या एका रॉक गायकाला शोधत असते जो तिच्या गावात कार्यक्रमाला आला होता आणि बर्लिनला ये म्हणून सांगून गेला. एवढंच मी आईला प्लॅटफॉर्मवर सांगितलं. आई म्हणाली, बरं, म्हणजे फसवलंय तिला. हान्साप्लाट्झला उतरलात की थिएटर तिथेच आहे, स्टेशनला लागून, रस्ता ओलांडायची पण गरज नाही, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. आजूबाजूला १९५७ च्या बांधकाम प्रदर्शनाच्या वेळी बांधलेली मोठमोठ्या आर्किटेक्टांची घरं आहेत, युद्धात हा सगळा भाग बेचिराख झाला होता, मग जगभरातून आर्किटेक्ट बोलावून नवी वसाहत उभी केली, वेळ असेल तर तास-दीड तास आधी येऊन झाडांमधून एक फेरी मारा. शेजारी लायब्ररी आहे, टियरगार्टन हे मोठं उद्यान चालत पाच मिनिटांवर.

आत गेल्यावर आईचं पहिलं वाक्य, अगं हे किती छोटंसं आहे. छोटंच आहे. साडेतीनशेच्या आसपास माणसं मावतात. ज्या शहरात तीन तीन ऑपेरा हाऊस आहेत तिथे हे म्हणजे घरातली माजघराची खोली. पण स्टेज पुढे आलेलं आहे आणि प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात, त्यामुळे कुठेही बसलात तरी नट हाताच्या अंतरावर, आणि समोरच्या बाजूचे प्रेक्षकसुद्धा दिसत राहतात. आईला हे फार आवडलं, म्हणाली लोक हसताना दिसतात, नाहीतर आपण नुसती टकली बघतो.

आणि मग सुरू झालं. ११ नट, आणि भूमिका ८० च्या घरात. एकच बाई भिकारीण होऊन जाते आणि दोन मिनिटांनी ऑफिसला जाणारी होऊन येते, एकच माणूस दारुडा, तिकीट चेकर, कोणाचा तरी बाप. डब्यात सगळे एकमेकांशेजारी बसलेत, कोणी कोणाकडे बघत नाही, गाडी वळली की सगळे एकदम एका बाजूला कलतात आणि परत तसेच, आणि त्या कलण्यात गाणं सुरू होतं. प्रत्येकाच्या मनात काय चाललंय ते गाण्यात, तोंड मात्र बंद. आईने माझा हात दाबला आणि कानात म्हणाली, हे तर आमचं दादर. लग्नाआधी चार वर्षं आई डोंबिवलीहून व्हीटीला नोकरीला जायची, आमच्या घरी त्याच्या कथा खूप ऐकल्यात पण मला कधी डोळ्यासमोर आलं नव्हतं. ती म्हणाली आम्ही रोज अशाच बसायचो, समोरची रडतेय हे दिसायचं, कोणी विचारायचं नाही, आणि एखाद्या दिवशी कोणीतरी विचारायची आणि मग सगळा डबा बोलायला लागायचा. नाटकातही नेमकं तसंच होतं. मला पुढचं तिला समजावून सांगायची गरजच उरली नाही.

एक सीन सगळ्या बर्लिनला पाठ आहे, विल्मर्सडॉर्फच्या विधवा. चार म्हाताऱ्या, उंची कोट, टोप्या, हँडबॅगा, आणि चौघी पुरुषांनी केलेल्या. नाझींच्या काळात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या नवऱ्यांच्या या बायका, नवरे गेले, त्यांची पेन्शन येते, त्यावर मजेत राहतात आणि गाणं म्हणतात की आम्ही होतो म्हणून हे शहर स्वच्छ होतं, आता बघा कोण कोण आलंय. लोक टाळ्या वाजवून बेजार होतात. आईला शब्द कळले नाहीत पण दुसऱ्या कडव्याला तिचं हसू थांबलं. इंटरव्हलला म्हणाली, त्या चौघी वाईट आहेत ना गं, त्यांना कोणीतरी नको आहे. मी म्हटलं हो आई, आपणच नको आहोत. मी हे सहज बोलून गेले पण नंतर आम्ही दोघी जरा वेळ काही बोललो नाही. इथे राहणाऱ्या कोणालाही तो सीन बघताना आत काहीतरी लागतंच, आणि तरी बरं वाटतं, कारण आजूबाजूचे तीनशे जर्मन लोक आपल्याच बाजूने हसत असतात.

इंटरव्हललाच आईने दुसरं विचारलं, त्या मुलीला दिवस गेलेत, हो ना? मी चाट पडले, कारण मी तिला ते सांगितलं नव्हतं. तुला कसं कळलं विचारलं तर म्हणे, अगं उभी कशी राहते बघ की. ते मला लहानपणच्या त्या हाफ चड्डीवाल्या काकासारखं वाटलं. हे नट नुसतं उभं राहून सांगतात.

शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की लिनिए १ त्या काळात श्लेसिशेस टोर स्टेशनला संपायची, कारण पुढे नदी आणि पलीकडे पूर्व बर्लिन, मधे भिंत. नाटक त्यांनी त्याच काळात ठेवलंय, भिंत पडली म्हणून बदललं नाही, आणि ते बरंच केलं असं मला वाटतं. प्रेक्षकांत विशीतली पोरं होती ज्यांच्या जन्माआधी भिंत पडली, आणि पन्नाशी-साठीतली माणसं होती जी गाणी बरोबर म्हणत होती. टाळ्या किती वेळ चालल्या मी मोजलं नाही, आई उभी राहून वाजवत होती आणि गुडघ्याचं नाव नाही.

या नाटकाची अजून एक गोष्ट. कोरियात किम मिन-गी नावाच्या गीतकाराने सोलमध्ये हे १९९४ पासून केलं, सोलच्या मेट्रोचं करून, २००८ पर्यंत चार हजार प्रयोग, आणि मग ते चालू असतानाच थांबवलं कारण त्याला मुलांची नाटकं करायची होती. हाकचोन नावाचं त्याचं छोटं थिएटर पैशांअभावी मार्च २०२४ मध्ये बंद झालं आणि जुलैमध्ये तो गेला. हे वाचल्यापासून मला ग्रिप्सची पण काळजी वाटते. ही नफ्यासाठी चालणारी संस्था नाहीये, तिकिटातून जेवढं येतं तेवढ्यात असं थिएटर चालूच शकत नाही, पगारी नटसंच, म्युझिशियन, शाळांसोबत काम करणारे लोक, वर मुलांचं तिकीट स्वस्तच ठेवायचं, म्हणजे सरकारी अनुदान लागतं. आणि २०२५ च्या बजेटमध्ये बर्लिनने संस्कृतीच्या खात्यातले जवळजवळ १३ कोटी युरो कापले. मोठी ऑपेरा हाऊसं कशीतरी निभावून नेतात, फटका छोट्यांना जास्त बसतो, हे आपल्याकडेही बघितलंय. म्हणून माझी अगदी मनापासून विनंती आहे की जायचं असेल तर पूर्ण तिकीट काढून जा, सवलत बसत असेल तरच घ्या, आणि मुलांच्या शाळेत पालकसभेला विचारा की ग्रिप्सला कधी नेताय.

मुलं तेरा-चौदाच्या पुढची असतील तर 'आब हॉयटे हाइस्ट डू सारा' लागलंय का ते बघत राहा. हे १९८९ चं नाटक, इंगे डॉइचक्रोन या ज्यू बाईंच्या आठवणींवरचं, ३३ प्रसंगांत. नाझींनी कायदा केला होता की प्रत्येक ज्यू बाईच्या नावात सारा हे नाव घालायचं, म्हणून नाटकाचं नाव, आजपासून तुझं नाव सारा. त्या आणि त्यांची आई बर्लिनमध्येच लपून वाचल्या, आणि त्या २०२२ पर्यंत आपल्यात होत्या. ज्या ओटो वाइट यांनी त्यांना आपल्या ब्रश बनवायच्या कारखान्यात कामाला ठेवून सांभाळलं त्यांची ती जागा हाकेशर मार्क्टजवळ अजून आहे, म्युझियम केलंय, फुकट आहे. नाटक आणि ती जागा एकाच आठवड्यात करा. आमच्या शेजारच्या मराठी घरातल्या दहावीतल्या मुलाला शाळेने नेलं होतं, एरवी तो मान वर करून बोलत नाही, त्या रात्री तो जेवताना अर्धा तास बोलत होता असं त्याची आई सांगत होती.

काही बारीकसारीक. मुलांचे प्रयोग बरेचसे आठवड्याच्या दिवशी सकाळी शाळांसाठी असतात, घरच्यांनी जायचं तर शनिवार-रविवारचे शोधा आणि लवकर बुक करा. तिकिटाचे आताचे दर त्यांच्या साइटवर आहेत, मुलांचं मोठ्यांपेक्षा बरंच कमी. जर्मन अजिबात येत नसेल तर इंग्लिश सुपरटायटल्सचा, म्हणजे स्टेजच्या वर इंग्लिश भाषांतर दाखवणारा, प्रयोग आहे का ते बुक करताना बघून घ्या, नसला तरी गोष्ट आधी वाचून जा, गाणी आणि नट मिळून बाकीचं करतात, माझ्या आईने ते सिद्ध केलंय. ज्यांना मुलांसाठी जादू, चकचकीत कपडे, कार्टूनमधली पात्रं हवी आहेत त्यांनी दुसरीकडे जावं, इथे ते नाही आणि कधी नव्हतं. आणि मूल मधेच बोललं तर त्याला दामटू नका, इथे ते चालतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई लवकर उठून चहा घेऊन बसलेली, मला म्हणाली आज कामावरून लवकर ये, मला ती खरी एक नंबरची गाडी दाखव. आम्ही विटेनबर्गप्लाट्झहून ऊ-१ घेतली. थोडं जमिनीखालून, मग गाडी वर येते आणि क्रॉइट्सबर्गच्या घरांच्या दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खिडक्यांना लागून जाते, हालेशेस टोर, कोटबुसर टोर, गोर्लित्सर बानहोफ. आई पूर्ण वेळ माणसांकडे बघत होती, खिडकीकडे नाही. श्लेसिशेस टोरला मी म्हटलं, इथे संपायचं. गाडी थांबली, दारं लागली, आणि आम्ही पूल ओलांडून पलीकडे वार्शाउअर स्ट्रासेला उतरलो, आई म्हणाली आता परत तसंच उलटं जाऊ. परतीला समोर एक मुलगी बसली होती, मोठी बॅग, झोप न झालेली, आईने पर्समधून राजगिऱ्याची वडी काढून तिच्यापुढे धरली. मुलीने घेतली.

पुढच्या वर्षी आई परत येतेय, मे महिन्यात. कार्यक्रम अजून जाहीर झालेला नाही, पण लेकीने आजीला फोनवर सांगून ठेवलंय की यावेळी पोडेव्हिलला आपण तिघी जायचं आणि पहिल्या रांगेत बसायचं.